ताजिक अभिनेत्रीचा जीवनपट कसा लिहावा

सर्वप्रथम नावाचा निर्णय करावा, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. रशियन दस्तऐवजांत ‘तुफा फाझिलोवा’ म्हणून आढळणारी गायिका ताजिक लेखनात ‘तुहफा फोझिलोवा’ असते; मधला ‘ह’ रशियनमध्ये गळतो आणि ‘ओ’चा ‘आ’ होतो. देवनागरीत ताजिक उच्चार सहज बसतो, त्यामुळे तोच मुख्य ठेवावा आणि रशियन रूप एकदाच नोंदवावे. जुने कागद शोधताना लिपीही ध्यानात घ्यावी, कारण ताजिक भाषा 1928 च्या सुमारास अरबी लिपीतून लॅटिनमध्ये आणि 1940 मध्ये सिरिलिकमध्ये (रशियनच्या लिपीत) गेली.

गावांची नावे काळानुसार लिहावीत. 1929 ते 1961 या काळात ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे ‘स्तालिनाबाद’ होती, तर तिथलेच खुजंद शहर 1936 पासून 1991 पर्यंत ‘लेनिनाबाद’ होते.

रंगभूमीचा भाग विस्ताराने लिहावा. 1929 मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे कवी लाहुती यांचे नाव मिळालेल्या दुशान्बेच्या नाट्यगृहात अभिनेत्री काम करीत असेल, तर भूमिका, नाटक आणि प्रयोगाचे वर्ष यांचा ताळा लावावा. नुसती भूमिकांची जंत्री वाचकाला काहीच सांगत नाही.

चित्रपटांबाबत मात्र सावध राहावे. सोव्हिएत काळात चित्रपट रशियनमध्ये डब होत असत, म्हणून पडद्यावरचा आवाज तिचाच आहे याची खात्री झाल्याखेरीज संवादफेकीची स्तुती करू नये. किताबांचीही गल्लत करू नये: ‘प्रजासत्ताकाची लोककलावंत’ आणि ‘सोव्हिएत संघाची लोककलावंत’ हे सोव्हिएत काळात दोन वेगळे किताब होते आणि दुसरा वरच्या दर्जाचा होता.