पगार थांबला की खात्याकडे बघा

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली की तिथलं पगार खातं आपोआप बंद होत नाही. साधारण तीन महिने पगार आला नाही, की बँक ते साधं बचत खातं करते आणि अट असलेल्या बँकांत किमान सरासरी शिल्लक लागू होते. दंड कापला जातो तो इथेच.

सरासरी म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिलकेची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. अट १०,००० ची आणि महिना ३० दिवसांचा, तर बेरीज ३,००,००० व्हायला हवी. पहिले २० दिवस ४,००० च असतील, तर उरलेले १० दिवस २२,००० ठेवावे लागतील. शेवटच्या दिवशी १०,००० भरून भागत नाही, हे बऱ्याच जणांना दंड बसल्यावरच कळतं.

एवढी रक्कम अडकवणं परवडत नसेल, तर शाखेत जाऊन मूलभूत बचत खातं मागा. त्याला किमान शिलकेची अट नाही, महिन्याला किमान ४ वेळा पैसे मोफत काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

जुनं खातं बंद करण्याआधी विम्याचे हप्ते, विजेचं बिल आणि गॅसचं अनुदान नव्या खात्याला जोडून घ्या.