बंगल्यातल्या स्विमिंग पूलच्या पायऱ्या: टेप कधी काढायचा

सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर आलेल्या नव्या मुलामुलींना स्विमिंग पूलचं काम मिळालं की सगळं लक्ष खोदाई, सळई आणि वॉटरप्रूफिंगकडे जातं. तिथे ते हवंच. पण घरातल्या आजी आणि नातवंडं ज्यावरून उतरणार, त्या चार पायऱ्या मात्र अंदाजाने सोडल्या जातात. बेलापूरला पारसिक हिलवरच्या बंगल्यांची कामं करताना हे वारंवार पाहिलं, म्हणून लिहितेय.

पायऱ्या तपासायची खरी वेळ म्हणजे शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागल्यावर, काँक्रीट यायच्या आधी. नंतर छिन्नी चालवली की सळईवरचं काँक्रीटचं कव्हर जातं आणि पुढे गळतीला वाट मिळते.

घरगुती पूलसाठी अमेरिकेतल्या मानकात राइझर (पायरीची उंची) जास्तीत जास्त १२ इंच आणि ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) किमान १० इंच आहे. मी राइझर १० इंचांच्या आत आणि ट्रेड १२ इंच धरते. वयस्कर माणसाला तेच सोसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे राइझर सारखे हवेत, आणि तेही फिनिश झाल्यावर.

गोची इथेच होते. मधल्या पायऱ्यांवर गिलावा आणि मोझॅकची जाडी सारखीच चढते, त्यामुळे त्यांची उंची बदलत नाही. बदलते ती पहिली आणि शेवटची. समजा, शटरिंगमध्ये चारही राइझर २५० मिमी आहेत. काठावर कॉपिंगचा दगड मसाल्यासकट ५५ मिमी, पायरीवर फिनिश ३० आणि तळाला उताराच्या मसाल्यासकट ६०. काम संपल्यावर पहिला राइझर २७५ होतो, मधले दोन २५० आणि शेवटचा २२०. म्हणून शटरिंगमध्येच पहिला २२५ आणि शेवटचा २८० ठेवायचा. कॉपिंगचा दगड कोणता, हे आर्किटेक्टकडून त्याआधी पक्कं करून घ्या. ‘नंतर बघू’ चालत नाही.

मोजताना एका पायरीवरून दुसरी मोजू नका, दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक साचत जाते. भिंतीवर मीटर लेव्हल, म्हणजे मापं धरायची आडवी रेघ, मारून घ्या आणि प्रत्येक पायरी त्या रेघेपासून खाली मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. कोपऱ्यातली गोल पायरी असेल तर आतल्या बाजूला ट्रेड किती उरतो, तेही बघा.

एका साइटवर मिस्त्रीमामा म्हणाले, "मॅडम, पाण्याखाली कोण बघतंय?" मी त्यांना कठडा धरून, चप्पल काढून, डोळे मिटून उतरायला सांगितलं. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय जमीन शोधत राहिला. पुढच्या कामात टेप त्यांनीच आधी काढला. पाण्यात तर हे आणखी अवघड. प्रकाश वळल्यामुळे पायरी असते त्यापेक्षा वर दिसते आणि पाय फसतो. म्हणूनच प्रत्येक पायरीच्या कडेला गडद मोझॅकची पट्टी मागून घ्या.

गळतीच्या चाचणीला पाणी भरताना थोडा वेळ काठावर बसा. पाणी पायरीच्या कडेला पोचतं तेव्हा एक टोक भिजून दुसरं कोरडं राहिलं, तर ती पायरी लेव्हलमध्ये नाही. खडूने तिथेच खूण करा. टाइल लागायच्या आधी तो फरक गिलाव्यात निघतो.

मापं स्केचवर लिहून कंत्राटदाराची सही घ्या, तारखेसकट.