अमेरिकेत गुंतवणूकदारांनी दावा ठोकला, तर बचावाची तयारी

शेअर कोसळला की काही दिवसांतच अमेरिकेच्या फेडरल कोर्टात कंपनी, सीईओ आणि सीएफओ यांच्यावर दावा येऊ शकतो. आरोप बहुधा १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज अ‍ॅक्टचं कलम १०-बी आणि नियम १०बी-५ खाली असतो: गुंतवणूकदारांची दिशाभूल केली.

दाव्याची प्रत हाती पडताच आयटी विभागाला सांगून ईमेल आणि चॅट आपोआप पुसले जाणं बंद करा. अशा दाव्यांना लागू होणाऱ्या १९९५ च्या पीएसएलआरए कायद्यामुळे दावा फेटाळण्याचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत डिस्कव्हरी (एकमेकांकडून कागदपत्रं आणि साक्षी मिळवण्याची प्रक्रिया) सहसा थांबते, आणि तिथेच लोक निर्धास्त होतात. पण आरोप कळल्यापासून संबंधित कागद जपायचं बंधनही त्याच कायद्यात आहे. खासगी फोनवरचे मेसेज आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे लॅपटॉप हमखास विसरले जातात. सूचना लेखी द्या, ती कोणाकोणाला दिली याची नोंद ठेवा.

त्याच दिवशी संचालक आणि अधिकाऱ्यांची विमा पॉलिसी काढून वाचा. क्लेम वेळेत कळवला नाही, किंवा विमा कंपनीला न विचारता वकिलांवर खर्च केला, तर भरपाई अडकू शकते. म्हणून लॉ फर्म नक्की करण्याआधी ही संमती घ्या.

उत्तराची घाई सहसा नसते. पहिल्या वादीने २० दिवसांत जाहीर सूचना द्यायची, त्यानंतर ६० दिवसांत मुख्य वादी (सगळ्या गुंतवणूकदारांच्या वतीने दावा चालवणारा) होण्यासाठी अर्ज येतात आणि सुधारित दावा त्यापुढे. दोन्ही बाजू बहुधा तोवर मुदत वाढवून घेतात.

हा वेळ एका तक्त्यावर घालवा. माझ्या मते बचावाचा खरा पाया हाच. दाव्यात उद्धृत केलेलं प्रत्येक वाक्य घ्या. ते कोणी, कधी उच्चारलं, त्या भाषणाच्या किंवा कॉलच्या पूर्ण ट्रान्स्क्रिप्टमध्ये (शब्दशः नोंदीत) त्याच्या मागेपुढे काय होतं, भविष्याबद्दल असेल तर सोबत नेमके धोके सांगितले होते का, आणि त्या दिवशी आत कोणाला काय माहीत होतं. दाव्यात अर्धंच वाक्य असतं, पूर्ण ट्रान्स्क्रिप्ट न्यायाधीशांपुढे ठेवता येतो. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या टेलॅब्स निकालानुसार फसवणुकीच्या हेतूचा निष्कर्ष निर्दोष स्पष्टीकरणाइतका तरी सबळ असावा लागतो. ते स्पष्टीकरण या तक्त्यातूनच उभं राहतं. तक्ता वकिलांच्या देखरेखीखाली करा. अधिकाऱ्यांनी आपसात ईमेलवर मतं लिहिली, तर ती पुढे वादीच्या हाती लागू शकतात.

सोबत अधिकाऱ्यांची शेअरविक्री तपासा: फॉर्म ४ (अधिकाऱ्यांनी आपल्या शेअर व्यवहारांची द्यायची माहिती), आणि १०बी५-१ योजना (शेअर कधी विकायचे हे आधीच ठरवून ठेवणारी) असेल तर ती कधी केली. घसरणीच्या दिवशी बाजार आणि त्याच क्षेत्रातल्या कंपन्या कशा वागल्या तेही पाहा, कारण सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या ड्युरा निकालापासून नुकसान त्या खोट्या विधानामुळेच झालं हे वादीने दाखवायचं असतं. दावा आयपीओच्या माहितीपत्रकावरून १९३३ च्या कायद्याच्या कलम ११ खाली असेल, तर हेतू सिद्ध करण्याची गरजच नसते. तिथे आयपीओ हाताळणाऱ्या मर्चंट बँकर्सशी झालेला करार आधी काढा.

अधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या चौकशीसाठीच्या मुलाखतींच्या सुरुवातीलाच वकिलांनी प्रत्येकाला स्पष्ट सांगावं की ते कंपनीचे वकील आहेत, त्याचे नाहीत. मोठ्या अधिकाऱ्याला राग आला तरी हे टाळू नये. गरज असेल तर त्याला स्वतंत्र वकील द्या.

वादीचे तपासनीस माजी कर्मचाऱ्यांना गाठतीलच. त्यांना धमकावणारी पत्रं पाठवू नका आणि जुने राजीनाम्याचे करार तपासा: एसईसीकडे (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे) तक्रार करण्यापासून रोखणारी अट त्याच्या नियम २१एफ-१७ चा भंग ठरते.