टेप बॅकअपची स्क्रिप्ट लिहिताय? एसटी० नको, एनएसटी० घ्या

लिनक्सवर टेप ड्राइव्ह दोन नावांनी दिसतो, एसटी० आणि एनएसटी०, ड्राइव्ह तोच पण एसटी० वर लिहून झालं की टेप आपोआप रिवाइंड होते, म्हणजे स्क्रिप्टमध्ये आधी होम फोल्डरचा टार (टार कमांडने अनेक फाइल्स एकत्र बांधून केलेली एक फाइल) आणि मग डेटाबेस डंपचा टार असेल तर दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसतो, म्हणजे पहिला पुसला जातो, आणि एररही येत नाही! म्हणून कायम एनएसटी० वापरा, रिवाइंड आपण सांगू तेव्हाच. आधीच्या बॅकअपच्या पुढे लिहायचं तर आधी टेप पुढेमागे हलवणाऱ्या एमटी कमांडला ईओडी द्या, म्हणजे टेप डेटा संपतो तिथे जाऊन थांबते.

दुसरं म्हणजे ब्लॉक साइज, टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार. टारचा डिफॉल्ट १०२४० बाइट्सचा, एलटीओ (बॅकअपसाठीच्या टेपचा एक प्रकार) ड्राइव्हला तो फारच तुटपुंजा, बी ऑप्शनला ५१२ दिलं की २५६ केबी होतो. हा आकडा टेपच्या लेबलवर पेनाने लिहून ठेवा, रिस्टोअर करणारा माणूस दुसराच असतो बहुतेक वेळा.

एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, तपासाच. टारने १ दिला तर वाचता वाचता एखादी फाइल बदलली असेल, चालू सर्व्हरवर हे होतंच, २ आला तर मात्र बॅकअप झाला असं धरू नका, स्क्रिप्टने मेल पाठवलाच पाहिजे. आणि शेवटी रिवाइंड करून टारच्या टी ऑप्शनने यादी वाचून बघा, तेवढा वेळ जातो तर जाऊदे.