रोजच्या कामाची छोटी सुरी: कशी निवडायची, कशी राखायची

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी पॅकिंग खातं बघतो. सुताच्या कोनांचे खोके फोडायचे, गठ्ठ्यांची सुतळी तोडायची, प्लॅस्टिकची पट्टी कापायची, गोणपाट उसवायचं. दिवसभर कुणी ना कुणी ओरडत असतंच, "काय बे, सुरी दे की जरा!" सुट्टीच्या दिवशी सांगोल्याकडे सासऱ्यांच्या डाळिंबाच्या बागेत गेलो की तिथंही हेच. या सगळ्या कामांना मिळून माझ्याकडे एकच जातीची सुरी आहे: तीन-साडेतीन इंचांचं सरळ पातं, न मिटणारी, शंभर-दीडशे रुपयांची. खात्यात नवीन आलेली पोरं विचारतात, कुठली घेऊ? त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

मिटणारा चाकू घेऊ नका. बिजागरीत सुताचा कोंडा आणि डाळिंबाचा चिकट रस जाऊन बसतो, आणि स्वस्त चाकूचं कुलूप जोर लावल्यावर सुटून पातं बोटांवर मिटू शकतं. सलग पात्याची सुरी नळाखाली धरली, पुसली, झालं.

आता खरी गोष्ट, पात्याची जाडी. लोक सुरी हातात घेऊन वजन बघतात आणि जड ती चांगली असं धरून चालतात. मला हे अजिबात पटत नाही. जाड पातं पुठ्ठ्यात शिरलं की पाचरीसारखं अडकतं, मग आपण जोर लावतो, आणि जोर लावला की हात सुटतो. पाठीला साधारण रुपयाच्या नाण्याएवढी जाडी पुरे. तिथून धारेकडे पातं एकसारखं पातळ होत गेलेलं हवं. लोहाराकडून गाडीच्या जुन्या कमानपाट्याची सुरी करून घेणारे बरेच आहेत. कमानपाट्याचं पोलाद चांगलंच असतं, पण छोट्या सुरीला ते जाड राहतं. करून घ्यायचीच असेल तर पातं पातळ घासून द्यायला आधीच सांगा.

मंगळवार बाजारात किंवा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत सुऱ्या घेताना खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. जेवणाच्या ताटाचं स्टील असतं तशा पत्र्याच्या सुऱ्याही विकायला येतात. त्या चकचकीत दिसतात, पण त्या स्टीलला उष्णता देऊन कडक करता येत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. अशा पात्याला चुंबक नीट धरत नाही. चुंबक घट्ट चिकटलं म्हणजे सुरी उत्तम असं नव्हे, पण चिकटलंच नाही तर ती परत ठेवा. नंतर मुठीच्या बाजूनं एक डोळा मिटून धारेवर नजर टाका. धार सरळ रेषेत हवी, मध्ये पोट आलेलं किंवा खड्डा पडलेला नको. मूठ धरून पातं अलगद डावी-उजवीकडे दाबा, तिथं जराही खुळखुळ नको. करवतीसारख्या दात्यांची सुरी टोमॅटोला ठीक आहे, पण दाते घरी साध्या दगडावर परत धारेला लावता येत नाहीत. साधी धारच घ्या.

स्टेनलेस की कार्बन पोलाद? कारखान्यात आणि घरात चुंबक धरणारं स्टेनलेस, काळजी कमी. कार्बन पोलादाला दगडावर धार लवकर लागते, म्हणून मला ते आवडतं, पण ओलं ठेवलं की लाल गंज धरतं. एक डाळिंब फोडलंत तरी ते निळं-काळं पडतं. सालीतल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होऊन तो रंग येतो. तो डाग घासून काढायची गरज नाही. लाल गंज मात्र लगेच काढा आणि पात्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

धार स्वतः लावायला शिका. सायकलवाल्या धारवाल्याकडे द्यायला हरकत नाही, पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडत असताना धारेची कड फार तापते. कडेला निळसर पट्टा उमटला की तिथलं पाणी उतरलं, ती जागा मऊ झाली. त्याला मध्येमध्ये पातं पाण्यात बुडवायला सांगा. घरी कार्बोरंडमचा दोन बाजूंचा, जाड आणि बारीक, दगड ठेवा. तो ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. पात्याची पाठ किती उचलायची हे डोळ्याला कळेपर्यंत रुपयाची चार नाणी एकावर एक ठेवून त्या उंचीचा अंदाज घ्या. दोन सेंटिमीटर रुंद पात्याला त्यानं १७-१८ अंशांचा कोन येतो, रोजच्या कामाला तो चांगला. दगडावर पाणी घाला आणि दगडाचा पातळ काप काढतोय अशा बेतानं मुठीपासून टोकापर्यंत पातं फिरवा. एकाच बाजूनं फिरवत राहा, दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत. बर म्हणजे कडेवर उभी राहिलेली बारीक खरखर. पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच ओढला की ती नखाला अडकल्यासारखी लागते. धारेच्या लांबीनं अंगठा कधीही फिरवायचा नाही. बर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. टोकाजवळ ती बहुतेक वेळा राहून जाते, तिथं मूठ जराशी उचला. मग बाजू बदला, मग बारीक दगड, आणि शेवटी अगदी हलक्या हातानं एकदा इकडून, एकदा तिकडून. जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या खरबरीत बाजूवर, पाठ पुढे ठेवून, दहा-बारा वेळा ओढली की उरलेली बर निघून जाते. वर्तमानपत्राचा कागद एका हातात धरून कापा. जिथं फाटेल तिथं बर शिल्लक आहे किंवा धार नीट लागलेली नाही.

पुठ्ठ्यात माती आणि खडे असतात, त्यामुळे खोके कापणारी सुरी लवकर बोथट होते. म्हणून खोक्यांची आणि खाण्याची सुरी वेगळी ठेवा.

भगवा जातीचं डाळिंब आडवं चिरू नका, दाणे फुटून रस वाया जातो. देठाच्या उलट बाजूची चकती टोकानं उथळ कापून काढायची, मग बाहेरून दिसणाऱ्या उंचवट्यांवरून फक्त सालीपुरत्या रेघा ओढायच्या आणि हातानं फाकवायचं. इथं छोट्या पात्याचं महत्त्व कळतं, कारण टोक किती आत गेलंय ते बोटांना समजतं. बागेत तेल्या (डाळिंबाचा जिवाणूंमुळे पसरणारा रोग) असेल तर ज्या सुरीनं रोगट फळ किंवा फांदी कापली ती दुसऱ्या झाडाला लावण्याआधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. काम झालं की लगेच धुऊन पुसा, ते द्रावण लोखंड खातं.

अशी सुरी म्यानाशिवाय खिशात घालायची नाही. ठिबकच्या कामातून उरलेला पाऊण इंची पीव्हीसी पाइप पात्याहून थोडा लांब कापा आणि उकळत्या पाण्यात मऊ होऊ द्या. गॅसच्या आचेवर धरू नका, जळला तर विषारी धूर येतो. पात्याला जाड कागदाचा एक वेढा द्या. पाइप चिमट्यानं बाहेर काढा, सुरी आत सरकवा, दोन फळ्यांमध्ये दाबून धरा आणि वरून गार पाणी ओता. कागद काढला की पातं न घासता आत-बाहेर होतं. तळाशी पाणी निघून जायला एक भोक पाडा.

कायद्याचंही लक्षात असू द्या. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं मोडतात, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तरी सणासुदीला आणि मोर्चांच्या वेळी पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश निघतात. तेव्हा सुरी कारखान्यात, बागेत किंवा स्वयंपाकघरातच ठेवा. विमानाने जाणार असाल तर ती हातातल्या पिशवीत चालत नाही, सामानात द्या.