नेपाळमध्ये भाव ऐकताना: आय.सी. की एन.सी.?

काठमांडू किंवा पोखऱ्याच्या बाजारात भाव विचारल्यावर सांगितलेला आकडा ‘आय.सी.’ म्हणजे भारतीय रुपयांत आहे की ‘एन.सी.’ म्हणजे नेपाळी रुपयांत आहे, हे आधी स्पष्ट करून घ्यावे, कारण दोन्ही चलनांचे नाव रुपया असले तरी मोल निराळे आहे. 1993 पासून नेपाळ राष्ट्र बँकेने 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर कायम ठेवला आहे. त्यामुळे डॉलरसारखा रोजचा भाव पाहत बसावे लागत नाही.

तोंडी हिशेबासाठी नेपाळी रकमेची निम्मी रक्कम घ्यावी आणि तीत मूळ रकमेचा आठवा भाग मिळवावा. उदाहरणार्थ, 800 नेपाळी रुपयांच्या शालीसाठी 400 अधिक 100, म्हणजे 500 भारतीय रुपये होतात. दुकानदार सोयीसाठी दीडपटीने हिशेब करू लागला, तर त्याला नम्रपणे 1.6 ची आठवण करून द्यावी.

नोटांवरील आकडे देवनागरीत असल्याने मराठी वाचकाला ते सहज वाचता येतात. शिवाय हजारावर हत्ती, पाचशेवर वाघ आणि शंभरावर गेंडा असल्यामुळे घाईतही नोट ओळखू येते. शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटा नेण्याचे नियम मात्र वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी ते तपासावेत आणि शंभराच्या नोटा पुरेशा जवळ ठेवाव्यात. उरलेले नेपाळी रुपये नेपाळ सोडण्यापूर्वीच बदलून घ्यावेत.