मासे मेल्यावर तपास करताना या चुका टाळा

पथक पोहोचतं दुपारी. मीटर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ८ मिलिग्रॅम दाखवतो आणि अहवालात ‘ऑक्सिजन समाधानकारक’ असं लिहून सगळे मोकळे होतात. सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं. शेवाळाने हिरवं झालेलं पाणी उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्रभर खातं. पहाटे तोच आकडा २ च्या खाली गेलेला असू शकतो. म्हणून सूर्योदयाआधी मोजा, वरचं आणि तळाचं, दोन्ही. विंकलर पद्धत (रसायनं घालून ऑक्सिजन मोजण्याची) असेल तर ३०० मिलीच्या बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका आणि मँगनस सल्फेट व अल्कली आयोडाइड-अझाइड काठावरच घाला. ‘लॅबमध्ये गेल्यावर घालू’ म्हणणाऱ्यांनी बाटली भरूच नये.

कोण वाचलं तेही बघा. कटला, रोहू मेले पण मरळ, मागूर जिवंत, तर आधी ऑक्सिजनचा संशय. या दोन्ही हवेतूनही श्वास घेतात. मरळही उलटी पडली असेल तर विषारी द्रव्य शोधा.

दुसरी चूक मेलेला मासा उचलण्याची. कोल्हापूरच्या पंचगंगेसारख्या नदीत मळीमिश्रित पाणी आलं की काठावर खच पडतो, त्यातले पोतंभर मासे फ्रीजरमध्ये जातात. मग जखमेवरून स्वॅब घेतात, एरोमोनास हा जिवाणू सापडतो आणि ‘जिवाणूजन्य रोग’ म्हणून फाइल बंद होते. एरोमोनास गोड्या पाण्यात एरवीही असतोच. ताणाने प्रतिकारशक्ती ढासळली की तो माशावर चढतो, आणि ताण कशाचा हे कोणी विचारतच नाही. शिवाय कल्ले लवकर कुजतात, गोठवल्यावर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. अशा कल्ल्याच्या, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर प्रदूषणाची इजा ओळखता येत नाही.

धापा टाकणारा, अजून जिवंत मासा धरा. कल्ल्याचा ५ मिमीपेक्षा पातळ तुकडा त्याच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाका. जिवाणूंसाठी नमुना मूत्रपिंडातून, निर्जंतुक सुईने घ्या.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासायचं असेल तर जाळ्यात आल्यापासून ३ मिनिटांत रक्त काढा. उशीर झाला की मोजता तो जाळ्याचा ताण.

पीएच आणि तापमानाशिवाय अमोनियाचा आकडा निरर्थक आहे. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ९ ला सुमारे ३६ टक्के.

आणि सांडपाणी मिसळतं त्या जागेच्या वरच्या अंगाचे मासे आणि पाणीही घ्या, त्याच दिवशी, त्याच पद्धतीने. ते नसेल तर खालच्या नमुन्याची तुलना करणार कशाशी?